डाव्या हाताचे टाके

मंगळवार, ९ सप्टेंबर १९८६

नवी वही. ओपलीनने माझ्या त्रेसष्टाव्या वाढदिवसाला दिली. बहिणीने प्रेमाने दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, पण या वहीच्या रेघा फारच फिकट छापल्यात. मी आपली एकेक रेघ सोडून मोठ्या अक्षरात लिहितेय. रोज सकाळी, कॉफी उकळेपर्यंत.

ओपलीन म्हणते, पहिल्या पानावर आपण कोण ते लिहावं. मी आर्व्हेला गेन्स. नाटकात एका माणसाला कपडे घालते. तो माणूस म्हणजे कॉर्नेल व्हिटलो. १९५२ साली त्यांना एका नाटकात खोटं पोट बांधायचं होतं आणि ते सारखं घसरत होतं. मी शिवणकाम करणारी, मला बोलावलं. पोट नीट बसलं आणि मीही बसले ती आजतागायत. ते मला मिस गेन्स म्हणतात, मी त्यांना मिस्टर व्हिटलो म्हणते. त्यांची बायको वारली तेव्हाही हेच म्हणत होतो, माझा नवरा लिरॉय गेला तेव्हाही.

त्यांचं नाव सांगितलं तर रस्त्यावरचा माणूस डोकं खाजवतो. चेहरा पाहिला की मात्र म्हणतो, अरे, हा तर तो! सिनेमात त्यांनी अकरा वेळा बटलर होऊन दार उघडलंय, आगगाडीतल्या लोकांच्या बॅगा उचलल्यात. काळ्या नटाला तेव्हा तेवढंच मिळे. काळ बदलला तशी बढती मिळाली, डॉक्टर झाले, टीव्हीवर तीन वर्षं प्रेतं सजवून पुरायला नेणारे गृहस्थ झाले. लोक अजून बसमध्ये त्यांच्या शेजारी बसायला कचरतात. रंगमंचावर मात्र राजे, वेडे, खुनी, सगळं केलं. जी भूमिका घेतात तिचं काम खरोखर शिकतात. न्हावी करायचा होता तेव्हा आमच्या वस्तीतल्या लेनॉक्स अव्हेन्यूवर दोन महिने लोकांच्या दाढ्या केल्या. शिंपी करायचा होता तेव्हा १२५व्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे जाऊन बसले. तो शिंपी डावखुरा निघाला. म्हणून हेही डाव्या हाताने शिवायला शिकले. जेवतात उजव्याने, लिहितात उजव्याने, सुई मात्र डाव्या हातात. मी तेव्हा हसून बेजार झाले होते.

आणि एकेचाळीस वर्षांत एक प्रयोग चुकवला नाही. नट आजारी पडला की प्रेक्षकांच्या कार्यक्रमपत्रिकेत एक पांढरी चिठ्ठी घालतात, आज अमुकची भूमिका तमुक करेल अशी. त्यांच्या नावाची चिठ्ठी आजवर छापली गेली नाही. तापात, दातदुखीत, बायकोच्या दफनाच्या दिवशीसुद्धा नाही.

आता वही का, ते लिहिते. मिस्टर व्हिटलो बाहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना काहीतरी होतंय. मला दिसतंय, पण बोलायची सोय नाही. निर्मात्यांच्या कानावर गेलं तर उद्याच दुसरा नट उभा करतील.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

रंगीत तालमी सुरू झाल्या. नाटकात त्यांना चार भूमिका आहेत. न्यायाधीश, न्हावी, पाद्री आणि खाणावळ चालवणारी एक म्हातारी. नऊ वेळा कपडे बदलायचे, तेही विंगेत, एका निळ्या दिव्याच्या उजेडात. सगळ्यात घाईचा बदल बावीस सेकंदांचा. हे नाटक म्हणजे अर्धं त्यांचं आणि अर्धं माझ्या हातांचं, असं तेच दिग्दर्शकाला म्हणाले. करारातही तसंच लिहून घेतलंय, कपडे घालीन तर मिस गेन्सच्याच हातून.

त्यामुळे कपडेपटाची प्रमुख गिनी सालेर्नो माझ्यावर जरा फुगलेली असते. पोरगी कामाची आहे, पण हात बर्फासारखे थंड.

आता काळजीचं. मिस्टर व्हिटलो अंधारात बडबडायला लागलेत. पूर्वी बदल चालू असताना तोंडातून अक्षर निघत नसे. आता म्हणतात, "मिस गेन्स, हा माझा उजवा हात आला. आता डावा. बटणं मी लावतो, बोटांना व्यायाम हवा." काल विंगेच्या पायऱ्या उतरताना माझा हात धरला आणि लहान मुलासारखं मोजू लागले, एक, दोन, तीन, संपल्या.

"गुडघा दुखतोय का?" मी विचारलं.

"फार," ते म्हणाले. "तुमचा आधार आहे म्हणून बरं."

माझा जीव तुटला.

बुधवार, ८ ऑक्टोबर

ओपलीनशी भांडण. मी केलेल्या पालेभाजीत वाळू कचकचली म्हणे. तीन पाण्यांनी धुतली होती. भाजीवालाच लबाड झालाय. ती म्हणाली, "आर्व्हेला, भाजी धुताना बघतेस तरी का?" मी दोन तास तिच्याशी बोलले नाही. एकाच घरात दोन विधवा बहिणी राहिल्या की दोन तास फार होतात.

सुयासुद्धा हल्ली बिनभोकाच्या बनवतात.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

जे व्हायला नको होतं ते काल झालं.

नाटक अजून रीतसर उघडलेलं नाही, पण तिकीट काढून लोक येतात. दुसऱ्या अंकात न्हाव्याचा न्यायाधीश होतो. न्यायाधीशाचा कोट काळा, पाद्र्याचा गडद निळा. दोन्ही शेजारी खुंटीवर. मी काळा पुढे केला, मला पक्कं आठवतंय. मिस्टर व्हिटलो रंगमंचावर गेले आणि दिव्यात उभे राहिले तेव्हा माझ्यामागून गिनी कुजबुजली, "देवा, पाद्र्याचा कोट."

पाद्र्याच्या कोटाच्या खिशात चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा असतो. मिस्टर व्हिटलोंनी खिशात हात घातला, त्यांना पंखा लागला, त्यांनी तो काढला, न्यायाधीशाच्या तोऱ्यात दोनदा वारा घेतला आणि वकिलाकडे असं पाहिलं की सगळं प्रेक्षागृह हसलं. दिग्दर्शकाला वाटलं मुद्दामच केलं. आता सांगतोय, पंखा ठेवा म्हणून.

प्रयोग संपल्यावर रंगमंचाचे व्यवस्थापक मिस्टर फेरिस केहो चौकशीला आले. ते रोज अहवाल लिहितात, कोण चुकलं, काय पडलं, सगळं. मी तोंड उघडायच्या आत मिस्टर व्हिटलो म्हणाले, "फेरिस, माझी चूक. मिस गेन्सनी काळाच धरला होता, मीच घाईत दुसरा ओढला."

म्हणजे मला आठवत होतं ते खरंच. बरं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं. काळा आणि निळा कळेनासा झालाय बिचाऱ्यांना.

रविवार, १९ ऑक्टोबर

काल मिस्टर केहोंना एकटं गाठलं. म्हटलं, मी कधी कुणासाठी शब्द टाकला नाही, आज टाकतेय. मिस्टर व्हिटलोंकडून बारीकसारीक चुका होतात, त्या अहवालात आल्या नाहीत तर उपकार होतील. वय झालंय. पण रंगमंचावर पाय ठेवला की त्यांच्यासारखा माणूस नाही.

मिस्टर केहोंनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"गंमत आहे, मिस गेन्स," ते म्हणाले. "परवाच ते स्वतः माझ्याकडे आले होते. हेच मागायला. अगदी याच शब्दांत."

"काय म्हणालात मग?"

"म्हणालो, माझी पेन्सिल कधीकधी मोडते."

मला रडूच आलं. एवढा मानी माणूस, स्वतःसाठी असं मागायला गेला. कुणाच्या दारात आजवर उभा राहिला नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

नाटक रीतसर उघडलं. वर्तमानपत्रं कोपऱ्यावरच्या मिस गोल्डीच्या दुकानातून ओपलीनने आणली आणि मोठ्याने वाचून दाखवली, कारण मला बारीक छपाईचा आधीपासून कंटाळा आहे. एकाने लिहिलंय, व्हिटलो हा चार माणसांचा जमाव आहे. दुसऱ्याने लिहिलंय, खाणावळीतली म्हातारी पाहून आपल्या मावशीची आठवण आली आणि आपण घरी फोन केला.

त्या म्हातारीची चाल माझी आहे. कुणाला माहीत नाही. जिने चढताना मी झग्याची कड चिमटीत धरते, तशी ते धरतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चोरी केली. पोलिसात द्या."

रंगमंचाच्या दिव्यांभोवती या वेळी रंगीत कडी दिसतात. स्वस्तातले आणले असणार.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मिस्टर व्हिटलो सुधारताहेत! दोन आठवडे एकही चूक नाही.

आणखी एक. कुणीतरी कोटांच्या कॉलरखाली, आतल्या बाजूने, शर्टाची छोटी बटणं शिवून ठेवलीत. काळ्याला एक, निळ्याला दोन, न्हाव्याच्या पांढऱ्या अंगरख्याला तीन. म्हातारीच्या झग्याला काहीच नाही, झगा काय तसाही ओळखू येतो. जास्तीची बटणं हाताशी असावीत म्हणून गिनीच्या हाताखालच्या मुलींनी शिवली असणार. शिवलीत मात्र गबाळी, टाके इकडून तिकडे. मी असं शिवलं असतं तर माझ्या आईने उसवून तोंडावर फेकलं असतं. तरी सोय झाली हे खरं. खुंटीवर हात घातला, कॉलरखाली बोट फिरवलं की झालं. बघायलासुद्धा नको.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

काल थँक्सगिव्हिंगचा सण. रात्री प्रयोग होता म्हणून मिस्टर व्हिटलोंना दुपारीच जेवायला बोलावलं. दरवर्षी येतात, रताळ्याचा भाजलेला गोड पाई घेऊन. तोही स्वतः करतात, कुठल्याशा सिनेमात आचारी होते तेव्हा शिकले. ओपलीन त्यांना म्हणते, "कॉर्नेल, आता एखादा प्लंबर करा, आमचा नळ गळतोय." ती त्यांना नावाने हाक मारते. तिला कुणाचीच भीड नाही.

जेवणानंतर दोघं भांडी घासायच्या नावाखाली स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होती. मी गेले तर गप्प. ओपलीनचे डोळे लाल. म्हटलं काय झालं, तर म्हणाली कांदा. भांडी घासताना कांदा कुठला?

निघताना मिस्टर व्हिटलो दारात घुटमळले.

"मिस गेन्स, एक विनंती आहे. सोमवारी सुट्टी आहे तर मी डोळे दाखवायला जातोय. एकट्याने जायला धीर होत नाही. याल का सोबत?"

"येईन की," मी म्हटलं. "तुम्ही वेळेवर कबूल केलंत हे फार चांगलं झालं."

त्यांनी टोपी घातली आणि जिन्यात बराच वेळ खोकत राहिले. हसल्यासारखं खोकत होते.

सोमवार, १ डिसेंबर

हे लिहायला दोन कप कॉफी लागली.

काल रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी निळ्या कोटातलं एक बटण लोंबायला लागलं होतं. म्हटलं, त्या मुलींचं काम आपणच नीट करून टाकू. रंगपटात बसले, सुईत दोरा जाईना, म्हणून बसल्या बसल्या जुने टाके अंगठ्याने चाचपत राहिले. पन्नास वर्षं शिवतेय. टाका कुणाचा आहे ते माझा अंगठा सांगतो.

टाका उजवीकडून डावीकडे पडायला हवा. हा उलटा पडला होता. दुसऱ्या बटणाचाही उलटा. काळ्या कोटाचाही. सगळे डावखुऱ्याचे. गिनीच्या सगळ्या मुली उजव्या हाताने शिवतात.

कोट मांडीवर तसाच राहिला. मग एकेक आठवायला लागलं. पायऱ्या. उजवा हात आला, डावा आला. बटणं मी लावतो. मिस्टर केहोंची पेन्सिल. भाजीतली वाळूसुद्धा आठवली.

ते आले, टोपी अडकवली, माझ्या मांडीवरचा कोट पाहिला आणि उभेच राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ऑगस्टपासून. आधीच्या नाटकात तुम्ही मला मिशी उलटी चिकटवलीत त्या दिवसापासून."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतात?"

नसते आले. चुकीचा कोट देणारी बाई त्यांच्या विंगेत मी एक दिवस ठेवली नसती, मग ती मी का असेना.

"चौतीस वर्षं मी तुम्हाला कपडे घालतेय," मी म्हटलं, "आणि तुम्ही मलाच सोंग दाखवलंत. दुखरा गुडघा, विसरभोळेपणा, सगळं."

"जमलं होतं का?"

"गुडघा जरा जास्त झाला."

"मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले, आणि आरशासमोर बसून तोंडाला रंग लावू लागले. रंग कानापर्यंत गेला. मीच मान धरून रंग नीट केला. जवळून मला अजून नीट दिसतं.

मग म्हणाले, "उद्याची वेळ माझ्या नावाने घेतलीय. पण खुर्चीत तुम्ही बसायचं."

आता जायची वेळ झाली. ओपलीन माझा कोट घेऊन दारात उभी आहे. म्हणतेय, आर्व्हेला, लवकर आटप, आणि पुन्हा डोळे पुसतेय. आज कांदा कुठेच नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही दुधाच्या बाटलीतून बघताय. ढग काढून टाकू, आत नवं भिंग बसवू, आधी एक डोळा, मग दुसरा. घाबरायचं कारण नाही. पण ते शस्त्रक्रिया फक्त बुधवारी करतात, आणि बुधवारी दोन प्रयोग असतात. म्हणजे मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा गैरहजर राहणार.

आज गिनीला बसवून नऊही बदल शिकवले. हातात हात घेऊन. वाटलं होतं मनातून खूश होईल. तर म्हणाली, "मिस गेन्स, मी नीट करीन. पण तुम्ही परत या. हा माणूस माझ्याशी बोलतसुद्धा नाही." मी तिला म्हटलं, आधी हात रेडिएटरवर शेकून घेत जा.

शुक्रवार, १२ डिसेंबर

डाव्या डोळ्यावरची पट्टी काल काढली. आज पहिल्यांदा लिहितेय. या वहीला चांगल्या ठसठशीत निळ्या रेघा आहेत. मागची पानं चाळली, अक्षर बघून लाज वाटली. मजकूर वाचून जास्त वाटली. फाडणार होते, पण वही भेट आलेली आहे.

बुधवारचं सगळं ओपलीनने सांगितलं. मला सकाळी आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर ती एकटी होती. थोड्या वेळाने मिस्टर व्हिटलो आले, टोपी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले. परिचारिकेने त्यांना टीव्हीवरचे ते प्रेतं सजवणारे म्हणून ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला. बाकावरचे दोन रुग्ण उठून लांब जाऊन बसले. एक वाजला, दीड वाजला. दोनला दुपारचा प्रयोग. ओपलीन म्हणाली, "कॉर्नेल, प्रयोगाआधी अर्धा तास हजर व्हायची तुमची वेळ टळली." तर ते म्हणाले, "बदली नट मुलगा हुशार आहे. त्याची आई शिकागोहून आलीय. तिने एकदा तरी त्याला बघायला हवं."

मी गुंगीतून बाहेर आले तेव्हा पट्टीच्या कडेने टोपी दिसली. मी विचारलं, किती वाजले? ते म्हणाले, "झोपा, मिस गेन्स. हा माझा उजवा हात." आणि मी तो धरून झोपले.

गिनीने कालच्या काल ती पांढरी चिठ्ठी आणून दिली. अगदी बारीक टाइप. मी खिडकीपाशी नेली आणि स्वतःच्या डोळ्याने, कुणाला न विचारता वाचली. "बुधवार, १० डिसेंबर, दुपारचा प्रयोग. कॉर्नेल व्हिटलो यांच्या सर्व भूमिका आज ट्रॉय बेकेट करतील." एकेचाळीस वर्षांत पहिली. ती इथे चिकटवतेय.

मी त्यांना आज चांगलं झापणार आहे. दोन तासांचं काम, त्यासाठी एवढा मान घालवायचा? ओपलीनला म्हटलं तर तिने कॉफीचा कप खाली ठेवला.

"आर्व्हेला," ती म्हणाली, "कपडे घालणाऱ्या बाईसाठी कुणी प्रयोग चुकवत नाही."

"मग कशासाठी चुकवला?"

"आता दिसायला लागलंय ना तुला? बघ की मग."

ही अशीच कोड्यात बोलते. मी तिला समजावून सांगितलं. गिनीचे हात थंड आहेत, आणि मिस्टर व्हिटलोंना थंड हात अजिबात खपत नाहीत. दुसरं काय असणार? चौतीस वर्षांत एवढं तरी मी त्यांना ओळखते.